कागदांचे फोटो, एकच पीडीएफ आणि एकदाच करायची काटछाट

बारावीचा निकाल लागला की दारव्हा-दिग्रसकडच्या आमच्या गावांमध्ये पेरणीची लगबग आणि जात पडताळणीच्या कागदांची धावपळ एकाच वेळी सुरू होते. दिवसभर वावरात राबलेली माणसे दिवेलागणीनंतर फोन घेऊन येतात. त्या फोनमध्ये आजोबांच्या नावाचा दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा, कोतवाल बुकाची म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची नक्कल, वडिलांची टीसी, पटवाऱ्याकडून मिळालेला जुना फेरफार आणि वंशावळीचे शपथपत्र असे सगळे कागद लग्नाच्या, बैलजोडीच्या आणि सोयाबीनवरच्या अळीच्या फोटोंमध्ये विखुरलेले असतात, आणि मागणी मात्र एकच असते: “दादा, ह्या साऱ्याचं एकच पीडीएफ करून दे ना जी. सेतूवाला म्हन्ते, अलग अलग फोटो नाई चालत.”

फोटो जोडून पीडीएफ करणे हे मिनिटभराचे काम आहे आणि ते फुकट करून देणाऱ्या साधनांची वानवा नाही. अडचण वेगळीच आहे. लोकांनी आधीच कुठूनतरी करून आणलेली पीडीएफ उघडून पाहिली, तर तिच्यात पाने सगळी असतात, पण वाचता येण्यासारखी निम्मीच असतात. मूळ कागद चांगला असतो, फोनचा कॅमेराही चांगला असतो, तरी मधल्या प्रवासात अक्षरे विरघळून जातात. कागदाचा फोटो आधी व्हॉट्सॲपवरून पुतण्याला जातो, तिथे तो आकसतो. पुतण्या एखाद्या ॲपमध्ये त्याच्या कडा कापतो आणि पुन्हा जतन करतो. मग कुठल्या तरी संकेतस्थळावर त्याची पीडीएफ होते, ती मर्यादेपेक्षा मोठी निघाली म्हणून दुसऱ्या संकेतस्थळावर ती दाबून लहान केली जाते. या प्रत्येक टप्प्यावर चित्र उलगडून नव्याने जेपीजी म्हणून बांधले जाते आणि प्रत्येक वेळी त्यातले थोडे काही कायमचे गळते. झेरॉक्सच्या झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स काढावी, तसा हा प्रकार आहे.

जेपीजी ही पद्धत चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन करून त्यांतला डोळ्याला फारसा न जाणवणारा तपशील टाकून देते. शेताच्या किंवा माणसाच्या फोटोत ते खपून जाते. कोतवाल बुकातल्या फिकट शाईच्या बोरूच्या रेषेत मात्र खपत नाही, कारण तिथे सगळा तपशील त्या बारीक रेषेतच असतो. इतर मागासवर्गाच्या दाव्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा मानला जातो आणि घराघरांतून निघणारे उतारे त्याच्याही कितीतरी आधीचे असतात. तिथे हाताने लिहिलेला १ आणि ९ यांच्यात फरक असतो तो एका लहानशा वळशाचा. दोन-तीनदा दाबलेल्या फोटोत तो वळसा राहत नाही आणि सन १९११ आहे की १९१९ हे पडद्यावर कितीही मोठे करून पाहिले तरी ठरवता येत नाही.

म्हणून माझा आग्रह एवढाच असतो की, मूळ फोटो जसाच्या तसा जपावा, तो पीडीएफमध्येही जसाच्या तसा बसवावा आणि आकार कमी करायचाच असेल तर तो शेवटी, जाणूनबुजून, एकदाच कमी करावा.

हे शक्य होते, कारण पीडीएफच्या रचनेतच तशी सोय आहे. ॲडोबी कंपनीने १९९३ मध्ये आणलेला हा प्रकार २००८ मध्ये आयएसओ ३२००० या क्रमांकाने आंतरराष्ट्रीय मानक झाला. त्याचा तपशील उघड असल्यामुळे कोणालाही त्यावर चालणारे सॉफ्टवेअर लिहिता येते आणि आज इतकी मुक्त (ओपन सोर्स) साधने उपलब्ध आहेत. या मानकाप्रमाणे जेपीजी फाइल न उलगडता, तिचा एकही बिंदू न बदलता, पीडीएफच्या पानात तशीच ठेवता येते. पीडीएफ उघडणारा प्रोग्रॅम ती नंतर स्वतःच उलगडून दाखवतो. असे असूनही अनेक साधने चित्र विनाकारण नव्याने बांधतात. इमेजमॅजिक हे चित्रांवर काम करणारे अत्यंत उपयोगी आणि जुने मुक्त साधनही थेट पीडीएफ करायला सांगितले की साधारणपणे तेच करते. शिवाय डेबियन-उबुंटूच्या लिनक्स घराण्यात सुरक्षेच्या कारणास्तव २०१८ पासून त्याच्या पीडीएफ करण्यावर बंधन घातले गेले, त्यामुळे पहिल्याच प्रयत्नात परवानगी नसल्याचा संदेश दिसून नवखा माणूस गोंधळतो.

माझ्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट आहे आणि या कामासाठी मी आयएमजी-टू-पीडीएफ हे छोटे मुक्त साधन वापरतो. नावात ‘टू’च्या जागी २ हा इंग्रजी अंक आहे आणि मधे जागा किंवा रेघ नाही. पायथॉनमध्ये लिहिलेले हे साधन मिंट, उबुंटू, डेबियन या सर्वांच्या सॉफ्टवेअर-भांडारात याच नावाने मिळते. त्याला खिडकी नाही, बटणे नाहीत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या जागी, फोटोंच्या फोल्डरात जाऊन आधी साधनाचे नाव, मग तारा आणि जेपीजीचे शेपूट (*.jpg), मग आडवी रेघ व ओ हे अक्षर आणि शेवटी नव्या फाइलचे नाव एवढे लिहिले की पापणी लवण्याच्या आत पीडीएफ तयार होते. काही उलगडायचे-बांधायचेच नसल्यामुळे दहा-बारा वर्षांच्या लॅपटॉपलाही ते जड जात नाही. तयार पीडीएफचा आकार सगळ्या फोटोंच्या आकारांच्या बेरजेपेक्षा किंचित जास्त असतो, आणि आत काही बदलले नसल्याची तीच साधी खूण आहे.

चित्र जसेच्या तसे जाते याचा एक उपपरिणाम लक्षात ठेवावा. कॅमेऱ्याने फोटोत लपवून लिहिलेली ठिकाणाची नोंदही सोबत जाते. घराचे अक्षांश-रेखांश कोणाच्या अर्जासोबत पाठवण्याचे काही कारण नाही, तेव्हा कागदांचे फोटो काढण्यापूर्वी कॅमेऱ्यातली स्थाननोंद बंद ठेवलेली बरी.

पानांचा क्रम हा दुसरा घोळाचा भाग. टर्मिनल फाइली वर्णानुक्रमाने घेते, म्हणून १ नंतर १० येतो आणि २ त्याच्या मागे राहतो. फाइलींना ०१, ०२, ०३ अशी दोन अंकी नावे दिली की प्रश्न मिटतो. मी पुढे एक शब्दही जोडतो, म्हणजे ०१ अर्ज, ०२ टीसी, ०३ कोतवाल बुक; कारण संध्याकाळी वीज जाऊन आल्यावर पुन्हा कामाला बसताना कोणता फोटो कशाचा हे एकेक उघडून पाहावे लागत नाही.

आता पानाच्या मापाकडे वळतो, कारण सगळ्यात जास्त डोकेदुखी तिथे आहे आणि तिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. फोटोला बिंदू असतात, इंच नसतात. साध्या बारा मेगापिक्सेलच्या फोनचा फोटो ४००० बाय ३००० बिंदूंचा असतो आणि फोन त्यात बहुधा ‘एका इंचात ७२ बिंदू’ अशी नोंद करून ठेवतो. पीडीएफ करणाऱ्या साधनाने ती नोंद प्रामाणिकपणे पाळली तर पान साडेपंचावन्न इंच लांब होते, म्हणजे जवळजवळ एक मीटर चाळीस सेंटिमीटर! पडद्यावर ते कळत नाही, कारण पीडीएफ उघडणारा प्रोग्रॅम पान खिडकीत मावेल एवढे लहान करून दाखवतो. पण ही फाइल पुढे लहान करायला घेतली की गंमत होते. घोस्टस्क्रिप्ट या मुक्त साधनात पीडीएफ लहान करण्याचे तयार पर्याय आहेत; त्यांतला ‘ईबुक’ हा पर्याय चित्रे इंचाला १५० बिंदूंवर आणतो आणि ‘स्क्रीन’ हा ७२ वर. मात्र चित्र ठरलेल्या घनतेच्या दीडपट पुढे असेल तरच ते लहान केले जाते, म्हणजे ‘ईबुक’साठी ही सीमा २२५ ठरते. आपल्या जवळजवळ दीड मीटरच्या पानावर घनता आधीच ७२ असते. घोस्टस्क्रिप्टच्या हिशेबाने चित्र पुरेसे विरळच आहे, म्हणून तो त्याला हात लावत नाही आणि फाइल होती तेवढीच राहते. “सॉफ्टवेअरच काम करत नाही” ही तक्रार ऐकू येते तेव्हा बहुतेक वेळा दोष पानाच्या मापाचा असतो.

उपाय सोपा आहे: पीडीएफ करतानाच पानाचे माप ए-फोर सांगावे. आयएमजी-टू-पीडीएफला त्यासाठी ‘पेजसाइझ’ हा पर्याय आहे आणि त्याच्या जोडीला ‘ऑटो-ओरिएंट’ दिला तर आडव्या फोटोसाठी पानही आडवे होते. ए-फोर पान ८.२७ बाय ११.६९ इंचांचे असते, तेव्हा तोच ४००० बाय ३००० बिंदूंचा फोटो त्यावर बसवला की घनता इंचाला साडेतीनशेच्या आसपास जाते. चित्राचा एकही बिंदू बदललेला नाही, फक्त पान माणसाच्या मापाचे झाले. आता घोस्टस्क्रिप्टचा ‘ईबुक’ पर्याय आपले काम चोख करतो आणि असा प्रत्येक फोटो साधारण १२४० बाय १६५४ बिंदूंवर आणतो. छापील दाखला किंवा टंकलिखित शपथपत्र या घनतेला स्वच्छ वाचता येते. ‘स्क्रीन’च्या वाटेला मात्र जाऊ नये. ७२ बिंदूंत सातबाऱ्यावरच्या गटक्रमांकाचा पोटहिस्सा ओळखू येत नाही.

जुन्या हस्तलिखित नकलांसाठी दीडशेची घनताही मला कमीच वाटते. अशा वेळी सगळ्या पानांना एकच मोजमाप न लावता पानागणिक वेगळा निर्णय घेणे योग्य ठरते, आणि त्यासाठी उलट वाट धरावी लागते: आधी मूळ फोटोंची एक प्रत वेगळ्या फोल्डरात करून इमेजमॅजिकने टंकलिखित पाने १२४० बिंदू रुंदीची आणि कोतवाल बुकाचे पान १६५० बिंदू रुंदीचे करावे, आणि मग ती सगळी आयएमजी-टू-पीडीएफने जोडावीत. इथेही काटछाट एकदाच होते, कारण जोडणारे साधन पुढे काही दाबत नाही. पोर्टलची मर्यादा दोन एमबी असेल तर पाच साध्या पानांकडून वाचलेली जागा त्या एका महत्त्वाच्या पानाला देता येते, जे कोणत्याही संकेतस्थळावरच्या ‘कॉम्प्रेस’ बटणाला जमत नाही, कारण कोणते पान महत्त्वाचे हे त्याला माहीत नसते.

रंग काढून टाकल्याने फाइल निम्मी होईल अशीही एक समजूत आहे. जेपीजीमध्ये रंगाची माहिती मुळातच उजेडाच्या माहितीपेक्षा कमी बारकाईने साठवलेली असते, त्यामुळे करडे चित्र केल्याने बचत अपेक्षेपेक्षा थोडीच होते आणि बदल्यात तहसीलच्या जांभळ्या गोल शिक्क्याखाली गेलेली सही त्या शिक्क्यातून वेगळी ओळखता येत नाही. मी रंग राखतो. आणि फोनमधल्या ‘स्कॅन’ ॲपांचा तो पांढराशुभ्र कागद नि काळीकुळकुळीत अक्षरे करणारा पर्याय तर जुन्या कागदाला कधीच लावत नाही. नवीन छापील कागद त्यात देखणा दिसतो, पण जुन्या नकलेवरची फिकट नोंद तो डाग समजून पुसून टाकतो.

टर्मिनल नको वाटणाऱ्यांनी नॅप्सटू (NAPS2) हा मुक्त प्रोग्रॅम घ्यावा. तो मूळचा स्कॅनरसाठी बनवलेला असला तरी फोटो आयात करता येतात, पाने ओढून पुढे-मागे करता येतात, तिरके पान सरळ करता येते आणि सगळ्यांची मिळून एक पीडीएफ जतन होते. तो विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो. तयार पीडीएफमधली पाने फिरवायची, काढायची किंवा दुसऱ्या पीडीएफशी जोडायची असतील तर पीडीएफ अरेंजर चांगला आहे. ज्यांच्या संगणकावर लिब्रेऑफिस आधीच आहे त्यांना वेगळे काही न घेताही भागवता येते: त्यातले ड्रॉ उघडून प्रत्येक पानावर एक फोटो ठेवायचा आणि पीडीएफ म्हणून निर्यात करायची. निर्यातीच्या खिडकीत जेपीजीचा दर्जा ९० टक्के आणि घनता ३०० अशा नोंदी आधीपासून असतात. त्या पाहून आपल्या गरजेप्रमाणे बदलाव्यात, डोळे मिटून ओके दाबू नये.

विंडोज १० पासून फोटो निवडून ‘प्रिंट’मधून थेट पीडीएफ करण्याची सोय आहे आणि सेतू केंद्रांत तीच सर्रास वापरली जाते. ते सॉफ्टवेअर मुक्त नाही, पण हाताशी असते. तिथे खालच्या बाजूला चित्र चौकटीत बसवण्याची एक खूण आधीच केलेली असते. ती राहू दिली तर पान भरून काढण्याच्या नादात फोटोच्या कडा कापल्या जातात. कागदाच्या कडेलाच शिक्का, जावक क्रमांक आणि तारीख असते हे ती खूण ठरवणाऱ्याच्या गावी नसावे. ती काढून टाकावी.

इतके सगळे सांभाळूनही मूळ फोटोच वाईट असेल तर कोणतेही साधन काही करू शकत नाही, तेव्हा फोटो पुन्हा काढायला मी संकोच करत नाही. आमच्याकडे त्यासाठी सगळ्यात चांगली जागा म्हणजे ओसरी, आणि सगळ्यात चांगली वेळ म्हणजे आभाळ भरून आलेली दुपार. ढगांतून येणारा उजेड सगळीकडून सारखा पडतो आणि कागदावर फोनची सावली उमटत नाही. शेणाने सारवलेली भुई गडद असते आणि चमकत नाही, त्यामुळे तिच्यावर ठेवलेल्या पांढऱ्या कागदाच्या कडा स्वच्छ दिसतात. पंखा बंद करावा, नाहीतर नक्कल फडफडते. फारच वारा असेल तर अक्षर नसलेल्या कोपऱ्यांवर लहान गोटे ठेवावेत. लॅमिनेशन केलेली टीसी हा खास त्रासाचा कागद आहे. तिच्यावर फ्लॅश टाकला की मधोमध पांढरा झोत उमटतो आणि नेमके जातीच्या रकान्यातले अक्षर नाहीसे होते. फ्लॅश बंद करून, दाराकडे पाठ न करता दार बाजूला येईल असे बसून फोटो घेतला की चमक निघून जाते. फोन कागदाला समांतर धरावा आणि कागद चौकटीत पुरेपूर भरावा. अर्धा फोटो भुईचा असेल तर बिंदूही अर्धेच कागदाच्या वाट्याला येतात आणि वरचा साडेतीनशेच्या घनतेचा हिशेब कोलमडतो.

फोटो दुसऱ्या फोनमधून माझ्याकडे यायचा असेल तर मी केबल लावतो, किंवा व्हॉट्सॲपवर तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगतो. तसा पाठवला तर तो आकसत नाही.

संकेतस्थळांवर फोटो चढवून पीडीएफ करून घेण्याला माझा विरोध आहे, आणि तो केवळ दर्जाच्या कारणाने नाही. आधार, बँकेचे पासबुक, सातबारा आणि तीन पिढ्यांची वंशावळ एकत्र असलेली फाइल म्हणजे एका कुटुंबाची संपूर्ण ओळख असते. ती कुठल्या देशातल्या कोणाच्या संगणकावर जाते आणि तिथून खरोखर पुसली जाते की नाही, हे पडताळण्याचा कोणताही मार्ग गावातल्या माणसाकडे नाही. फोनमधल्या ॲपांबाबतही डोळे उघडे ठेवावेत. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने ज्या ५९ ॲपांवर बंदी घातली त्यांत कागद स्कॅन करण्यासाठी घरोघरी वापरले जाणारे कॅमस्कॅनरही होते. फोनवरच काम करायचे असेल तर ओपनस्कॅन हे मुक्त ॲप एफ-ड्रॉइड या मुक्त ॲपांच्या भांडारात आहे. शिवाय चाळीस एमबीचे फोटो चढवायला जेवढा वेळ पाण्याच्या टाकीवर जाऊन नेटवर्क शोधण्यात जातो, तेवढ्या वेळात लॅपटॉपवर नेटशिवाय चार जणांच्या फाइली तयार होतात.

फाइल तयार झाली की मी ती त्या माणसासमोरच उघडतो, पाने मोजतो आणि सगळ्यात जुन्या कागदावरची तारीख मोठी करून त्यालाच वाचायला लावतो. त्याला वाचता आली तर जात पडताळणी समितीलाही येईल. फाइलचे नाव इंग्रजी अक्षरांत, मोकळी जागा न सोडता ठेवतो, कारण काही पोर्टलांना देवनागरी नाव किंवा मधली जागा चालत नाही आणि नकाराचे कारणही ती सांगत नाहीत. मूळ फोटो आणि पीडीएफ दोन्ही त्याच्याच पेनड्राइव्हवर घालून देतो, म्हणजे धाकट्या भावाच्या अर्जाला तेच पुन्हा वापरता येतात. माझ्याकडचे फोल्डर त्याला पोच मिळेपर्यंत राहते. पोच दाखवायला तो आला की त्याच्या डोळ्यांदेखत पुसून टाकतो.